कचऱ्याचं पुढे होतं काय? लहान मुलांसोबत हाताने करायचे उपक्रम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-मिरज आणि आसपासच्या तालुक्यांतल्या अंगणवाडी सेविका, पहिली ते तिसरीचे शिक्षक आणि घरचे पालक यांच्याकडून जे प्रश्न हमखास येतात, त्यांची ही उत्तरं आहेत. मापं आठ ते दहा मुलांच्या गटासाठी दिली आहेत. घरी एक-दोनच मुलं असतील तर पाव मापाने सुरुवात करा.

कितव्या वर्षापासून सुरू करावं?

तिसऱ्या वर्षापासून, पण फक्त निवडण्याच्या खेळाने. तीन-चार वर्षांचं मूल केळ्याचं साल आणि कागद वेगळे करतं. त्याहून जास्त अपेक्षा नको. पाच-सहा वर्षांचं मूल कागदाचे तुकडे करतं, लगदा ढवळतं, गाळणीने उचलतं. सातव्या वर्षानंतर वजन करणं, नोंद ठेवणं, बाटलीखालचा आकडा वाचणं जमतं. वय पाहून उपक्रम ठरवा, इयत्ता पाहून नको. पहिलीच्या एकाच वर्गात पाच वर्षांचं आणि साडेसात वर्षांचं, अशी दोन्ही मुलं बसलेली असतात.

टाकाऊतून टिकाऊ वस्तू बनवून घेतल्या तर पुरे ना?

नाही. बाटलीला रंग दिला, टिकल्या आणि चमकी चिकटवली की फुलदाणी होते. पंधरा दिवस कपाटावर राहते आणि मग कचऱ्यात जाते. तोपर्यंत ती बाटली भंगारवाल्याच्याही उपयोगाची उरलेली नसते, कारण गोंद, रंग आणि चमकी लागलेलं प्लास्टिक कारखान्यात वेगळं करता येत नाही. रिकामी बाटली धुऊन तशीच भंगारात दिली असती तर ती वितळून पुन्हा कामी आली असती.

त्यातून काही घरांत प्रोजेक्टसाठी म्हणून नवी बाटली विकत आणून रिकामी केली जाते, तेव्हा तर काही बोलायलाच नको. थर्माकोलवर उभी केलेली ‘पर्यावरण वाचवा’ची प्रतिकृतीही अजून दिसते. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, हे शाळेनेच पालकांना सांगायला हवं.

वस्तू बनवायचीच असेल तर ती रोज वापरात येणारी हवी: पाठकोऱ्या कागदांची वही, कुंडीत झाड लावायला डबा, तुटक्या खडूंसाठी खोकं. पण मुख्य भर अशा उपक्रमांवर द्या, ज्यांत वस्तू मोडून पुन्हा माल होताना मुलाला डोळ्यांनी दिसते. कागदाचा लगदा आणि सालपटाची माती हे दोन त्यात सगळ्यांत चांगले. बाकीचे उपक्रम त्यांच्या आजूबाजूला बसवावेत.

निवडण्याचा खेळ नेमका कसा घ्यायचा?

वीस वस्तू घ्या. सगळ्या आदल्या दिवशी धुऊन वाळवलेल्या असाव्यात. कुजणाऱ्या वस्तू मात्र त्याच दिवशीच्या, ताज्या. कुजणाऱ्या सहा: केळ्याचं साल, मेथीची काडी, शेंगांची टरफलं, वाळलेलं पान, उकळून गाळलेली चहापावडर, हारातलं झेंडूचं फूल. सुक्या दहा: वर्तमानपत्राचं पान, पुठ्ठ्याचा तुकडा, दुधाची पिशवी, पाण्याची बाटली आणि तिचं झाकण, बिस्किटाचा कागद, डब्याचं पत्र्याचं झाकण, स्टीलचा चमचा, सुती चिंधी, स्ट्रॉबेरीची पारदर्शक डबी. उरलेल्या चार मुद्दाम फसव्या: तेलकट भेळेचा कागद, चहाचा कागदी कप, संपलेलं पेन, नारळाची करवंटी.

दोन टोपल्या आणि एक परात ठेवा. परात ‘माहीत नाही’साठी. ही तिसरी जागा नसेल तर मूल अंदाजाने कुठेतरी टाकतं आणि आपल्याला वाटतं त्याला आलं. परातीत जमलेल्या वस्तूंवरच खरा तास होतो.

हमखास होणारा घोटाळा असा की, पाण्याने भिजलेली बाटली मूल ओल्या कचऱ्यात टाकतं आणि वाळलेलं पान सुक्यात. त्याची चूक नाही, आपले शब्दच तसे आहेत. म्हणून लहान गटाला ‘ओला की सुका’ विचारू नका. ‘कुंडीत पुरलं तर याची माती होईल का?’ असं विचारा. करवंटीवर भांडण होईल. होऊ द्या. माती होते, पण फार सावकाश, म्हणून घरच्या खतात ती टाकत नाहीत.

एका फेरीला बारा ते पंधरा मिनिटं पुरतात. दुसऱ्या दिवशी तोच खेळ पाच नव्या वस्तू घालून घ्या. तिसऱ्या दिवशी मुलांना डब्याच्या सुट्टीनंतरचा वर्गातला खरा कचरा निवडायला लावा, हातमोजे घालून.

चहाचा कागदी कप कागदातच जातो ना?

मुलांनाच तपासू द्या. कप आतून तेलकट नसावा. तो कोमट पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा, वर वाटी उपडी घाला म्हणजे तरंगणार नाही. सकाळी कपाच्या कडेची गुंडाळी सोडवा आणि आतली बाजू नखाने खरवडा. पातळ, पारदर्शक पापुद्रा सुटून येतो. ते प्लास्टिक. त्याच्यामुळेच चहा गळत नाही आणि त्याच्यामुळेच रद्दीवाला कप घेत नाही. बाहेरचा कागद लगद्यात टाका, पापुद्रा वेगळा ठेवा.

सात-आठ वर्षांच्या मुलांवर या एका प्रयोगाचा जितका परिणाम होतो, तितका भिंतीवरच्या दहा तक्त्यांचा होत नाही. पापुद्रा अर्ध्यात फाटत असेल तर कप आणखी चार तास भिजू द्या.

हातकागद घरी किंवा वर्गात कसा करायचा?

सगळ्यांत जास्त प्रश्न याच उपक्रमाबद्दल येतात आणि बिघडतोही हाच, म्हणून सविस्तर.

साहित्य: १०० ग्रॅम जुना कागद (लिहिलेल्या वह्यांची साधारण वीस मोठी पानं), मिक्सर, १५ लिटरचा पसरट टब, एकाच मापाच्या दोन लाकडी चौकटी (आतून १५ × २० सेंमी), डासांच्या जाळीचा तुकडा, जुन्या धोतराचे किंवा सुती साडीचे बारा तुकडे, स्पंज, लाटणं. चौकट करून मिळत नसेल तर चहाची मोठी चपटी गाळणी चालते. तिने गोल, तळव्याएवढे कागद होतात, आणि पाच वर्षांच्या हातांना तीच सोयीची पडते.

आदल्या दिवशी: कागदाचे नखाएवढे तुकडे मुलांकडून फाडून घ्या. कात्री नको. फाडलेल्या कडेला धागे मोकळे होतात आणि ती कड पाणी लवकर पिते. चकचकीत मासिकाचं पान, प्लास्टिकचा थर असलेली पत्रिका, स्टेपलची पिन, चिकटपट्टी हे सगळं आधी बाजूला काढा. तुकडे दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजवा.

दुसऱ्या दिवशी: मूठभर भिजलेला कागद आणि तीन कप पाणी मिक्सरच्या भांड्यात घाला, भांडं अर्ध्याच्या वर भरू नका. पाच-पाच सेकंद थांबत थांबत फिरवा, एकूण अर्धा मिनिट. सलग फिरवलं तर मोटार तापते आणि लगदाही फार बारीक होऊन कागद ठिसूळ होतो. मिक्सर मोठ्या माणसानेच चालवायचा. एक-तृतीयांश लगदा बाजूला ठेवून बाकीचा टबात ओता आणि पाणी दहा लिटरच्या खुणेपर्यंत भरा. हाताने ढवळल्यावर पाणी पातळ ताकासारखं दिसायला हवं. अर्धा कप शिजवलेली खळ घातली तर कागदावर शाई पसरत नाही.

उचलणं: एका चौकटीला जाळी ताणून ठोका. दुसरी चौकट मोकळी ठेवून जाळीच्या वर धरा. टब ढवळा आणि लगेच दोन्ही चौकटी उभ्या आत घाला. पाण्याखाली आडव्या करा आणि सपाट वर उचला. पाणी निथळेपर्यंत चार बोटं पुढे-मागे हलकेच हलवा. थेंब थांबले की वरची चौकट काढा.

उतरवणं: ओलं सुती फडकं सपाट पाटावर अंथरा. जाळीची चौकट त्यावर उपडी करा, मागून स्पंजने दाबत पाणी टिपा, स्पंज पिळून पुन्हा टिपा. असं पाच-सहा वेळा. मग चौकटीचा एक कोपरा हळूच उचला. कागद फडक्यावर राहायला हवा. वर दुसरं फडकं घालून लाटण्याने दाबा.

१०० ग्रॅममध्ये बारा ते पंधरा कागद निघतात. पहिले जाड आणि शेवटचे पातळ होतात, कारण प्रत्येक वेळी लगदा कमी होत जातो. म्हणून सुरुवातीला बाजूला ठेवलेला एक-तृतीयांश लगदा दर चार कागदांनंतर थोडा थोडा टबात सोडा.

कागदाला भोकं पडतात, फाटतो, वाकतो. काय चुकतं?

भोकं पडली तर टब ढवळून लगेच चौकट बुडवली नाही. लगदा तळाशी बसला. उतरवताना फाटला तर स्पंजने पुरेसं पाणी टिपलेलं नाही, किंवा खालचं फडकं कोरडं होतं. गोळे दिसत असतील तर कागद कमी भिजला. वाळताना वाकला तर उन्हात ठेवला. कडा आधी सुकतात आणि मधला भाग ओला राहतो. फडक्यासकट सावलीत, खिडकीच्या काचेवर किंवा स्टीलच्या ताटाच्या पाठीला चिकटवून वाळवला तर कागद सपाट निघतो. काचेकडची बाजू गुळगुळीत होते, मुलं तिच्यावर लिहायला भांडतात.

मार्च-एप्रिलमध्ये एका दिवसात वाळतो. जुलैमध्ये दोन-तीन दिवस लागतात आणि काळे ठिपके पडतात, ती बुरशी. असा कागद मुलांच्या हातात देऊ नका, खतात टाका.

वर्तमानपत्राचा कागद करड्या रंगाचा होतो, कारण शाई लगद्यातच राहते. कारखान्यात शाई वेगळी काढण्याची प्रक्रिया असते, आपल्याकडे नाही. रंग हवा असेल तर अर्धा चमचा हळद टबात घाला. हळदीच्या बाजारपेठेत राहून बाहेरून रंग आणायची गरज नाही. मात्र हा पिवळा रंग उन्हात उडतो, आणि साबणाचं पाणी लागलं की लाल पडतो. लाल झालेला ठिपका मुलांना कागदापेक्षा जास्त आवडतो, हे आधीच गृहीत धरा.

टबातलं पाणी मोरीत ओतू नका, लगद्याने मोरी तुंबते. जुन्या पंचातून गाळा, पाणी झाडांना घाला. उरलेल्या लगद्याचे घट्ट गोळे पिळून वाळवून ठेवले की पुढच्या महिन्यात भिजवून वापरता येतात.

मग सगळी रद्दी लगद्यालाच वापरायची का?

मुळीच नाही. पाठकोरा कागद आधी लिहायला, मग बांधायला आणि शेवटी लगद्याला. प्रत्येक वेळी लगदा करताना कागदाचे धागे तुटून आखूड होतात. साधारण पाच ते सात फेऱ्यांनंतर त्यांचा कागद होत नाही. मुलांना हे दाखवायचं तर स्वतः केलेल्या कागदाचाच पुन्हा लगदा करा आणि दोन्ही कागद फाडून पाहा.

जवळचं उदाहरण तासगाव भागात आहे. द्राक्षघडांना ऊन लागू नये आणि मणी गुलाबी पडू नयेत म्हणून शेतकरी घडांना रद्दीचा कागद गुंडाळतात. द्राक्षबागेच्या घरातल्या मुलाला हे माहीत असतं. वर्गात त्याला सांगू द्या.

वर्गात खत करायचं तर वास, चिलटं, मुंग्या?

तिन्हीवर इलाज आहे.

दोन लिटरची पारदर्शक बाटली घ्या, गळ्याखालून कापा, तळाला सळईने सहा भोकं पाडा (कापणं आणि भोकं पाडणं मोठ्यांचं काम). कापलेल्या कडेला चिकटपट्टी लावा, हाताला लागते. तळाशी दोन बोटं जाड वाळलेला पाला. मग एक थर ओला, दोन थर सुका, या हिशेबाने भरत जा: सालपटं बोटाच्या पेराएवढी कापून, त्यावर दुप्पट वाळलेला पाला किंवा पाचट (उसाची वाळलेली पानं), त्यावर मूठभर बागेतली माती नाहीतर जुनं शेणखत. सगळ्यांत वर दोन सेंमी मातीचा थर हवाच. बाटलीभोवती काळा कागद गुंडाळा, पाहायच्या वेळीच काढा. उजेड लागला तर आतून हिरवं शेवाळ चढतं.

पाचट आपल्याकडे फुकट मिळतं, पण ते दोन-तीन सेंमी बारीक कापून घाला. लांब पाती बाटलीत कमान करून बसतात, मध्ये पोकळी राहते आणि कुजणं थांबतं. उसाचं पान तसंही सावकाश कुजतं. निम्मं पाचट आणि निम्मा आंबा-कडुनिंबाचा पाला असं मिश्रण चांगलं चालतं.

ओल तपासायची रीत: मूठभर मिश्रण घट्ट दाबा. हाताला ओलसर लागलं आणि एखादाच थेंब आला तर ठीक. पाणी गळलं तर सुका पाला घाला. मुठीतून सुटून पडलं तर दोन चमचे पाणी शिंपडा.

वास येतो तो हवा कमी पडल्यामुळे. काठीने वर-खाली करा, सुकं घाला. चिलटं येतात ती उघड्या सालपटांवर, वरचा मातीचा थर जाड करा. मुंग्या आल्या तर मिश्रण कोरडं पडलंय. शिजलेलं अन्न, तेल, दूध, मटणाची हाडं टाकू नका. बाटलीएवढ्या जागेत ती सडतात आणि उंदरांना बोलावणं जातं. लिंबा-संत्र्याची सालं थोडीच. बाटलीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका, त्यात डास अंडी घालतात.

मोठ्या ढिगाला हात लावला की गरम लागतो, बाटलीला लागत नाही. ढीग निदान एक घनमीटर असेल तरच आतली उष्णता टिकते. म्हणून बाटलीतल्या खताला आठ ते बारा आठवडे लागतात, थंडीत जास्तच. मुलांना दर सोमवारी बाहेरून पेनाने पातळीची रेघ मारायला सांगा. रेघा खाली-खाली सरकत जातात आणि त्यांच्या लक्षात येतं की काहीतरी चाललंय.

गणपतीच्या दिवसांत निर्माल्य वापरायचं तर दोरा, प्लास्टिकची फुलं आणि जरी आधी काढून घ्या. हे काम मुलांनीच करावं. एका हारात किती न कुजणारं निघतं ते मोजून पाहू द्या.

मुलं म्हणतात, लवकर काहीतरी दिसलं पाहिजे. त्यांच्यासाठी?

कुंडीत पुरण्याचा प्रयोग. पसरट कुंडीत ओलसर माती घ्या आणि पाच सेंमी खोल चार वस्तू पुरा: केळ्याच्या सालाचा तुकडा, वर्तमानपत्राचा तुकडा, सुती चिंधी, बिस्किटाच्या कागदाचा तुकडा. जागेवर आइसक्रीमच्या काड्या रोवा, काडीवर चित्र काढा. दर दोन दिवसांनी पाणी शिंपडा. चार आठवड्यांनी उकरा, बघा, पुन्हा पुरा. आठ आठवड्यांनी पुन्हा. साल सापडत नाही, कागद हातात चुरतो, चिंधी डागाळून विरते, बिस्किटाचा कागद धुतला की चकाकतो. काड्या रोवल्या नाहीत तर केळ्याचं साल नेमकं कुठे होतं यावर वाद होतो आणि प्रयोग वाया जातो.

प्लास्टिकच्या बाबतीत काय दाखवता येतं?

सगळं प्लास्टिक एक नाही, एवढं दाखवलं तरी खूप झालं. बाटलीच्या तळाशी त्रिकोणात १ ते ७ पैकी आकडा असतो. पाण्याच्या बाटलीवर १, शाम्पूच्या जाड बाटलीवर बहुधा २, जेवणाच्या डब्यांवर बऱ्याचदा ५. मुलांना घरी आकड्यांची शिकार करायला सांगा.

मग तरंगण्याचा प्रयोग. पाण्याची बाटली, तिचं झाकण आणि दुधाची पिशवी यांचे दोन सेंमीचे तुकडे मोठ्यांनी कापून ठेवा. काचेच्या बरणीत पाणी, त्यात साबणाचा एक थेंब. झाकण आणि पिशवी तरंगतात, बाटलीचा तुकडा बुडतो. साबण घातला नाही तर बुडणाऱ्या तुकड्यालाही हवेचे बुडबुडे चिकटतात, तो तरंगतो आणि शिक्षक तोंडघशी पडतात. प्लास्टिक पुन्हा वापरात आणणाऱ्या कारखान्यांतही तुकडे केलेला माल पाण्याच्या टाकीत सोडून असाच वेगळा करतात. झाकण आणि बाटली एकाच जागेहून आली तरी पुढचा रस्ता वेगळा, हे मुलांना बरणीत दिसतं.

दुधाच्या पिशवीबाबत एक साधी सवय लावा: कोपरा कापताना तुकडा पूर्ण वेगळा करायचा नाही, पिशवीलाच लटकता ठेवायचा. सुटा कोपरा एवढासा असतो की तो कोणी वेचत नाही, गटारात जातो. पिशवी उघडून धुवा, दोरीवर उलटी वाळवा. धुतली नाही तर दुसऱ्याच दिवशी आंबूस वास येतो आणि आजी साठा बाहेर फेकतात, रास्तच.

बिस्किटाचे आणि वेफर्सचे चकाकणारे कागद अनेक थरांचे असतात, ते थर सुटत नाहीत. भंगारवाला ते घेत नाही हे मुलांना स्पष्ट सांगा. बाटलीत ठासून भरायला चालतात, पण त्याला कचरा नीट ठेवणं म्हणावं, त्यापुढे काही नाही.

प्लास्टिक वितळवून किंवा इस्त्री फिरवून काही बनवायचे व्हिडिओ खूप फिरतात. मुलांसोबत करू नका. धूर विषारी असतो आणि चिकटलेलं गरम प्लास्टिक कातडीवरून निघत नाही.

लोहचुंबकाचा खेळ घेतला तर स्टीलचा चमचा चिकटत नाही. मग मुलांना काय सांगायचं?

हेच, की काही स्टील चिकटतं आणि काही नाही. स्वयंपाकघरातली बरीचशी चांगली भांडी चुंबकाला दाद देत नाहीत, कारण त्या पोलादात निकेलही असतं. म्हणून या खेळात स्टील आधी आणू नका. खिळा, पत्र्याचं झाकण, ॲल्युमिनियमचा कागद, तांब्याची तार एवढ्याने सुरुवात करा. जुन्या स्पीकरमधलं चुंबक चालतं. बोराएवढी छोटी चुंबकं आणि बटनसेल मात्र वर्गात नकोतच. गिळली तर आतडं भाजतं किंवा फाटतं.

भंगारवाल्याच्या दुकानात मुलांना न्यावं का?

न्यावंच. कचरा तिथे माल होतो. आधी एकट्याने जाऊन दुकानदारांना विचारा, गर्दी नसलेली वेळ ठरवा. एका वेळी दहाच मुलं, बंद बूट, दोन मोठी माणसं. काच आणि पत्रा ठेवलेल्या बाजूला दोरी बांधून घ्या.

जाण्याआधी शाळेत आठवडाभराची रद्दी आणि पुठ्ठा ताणकाट्यावर मोजून वजन वहीत लिहा. दुकानात पुन्हा मोजलं की आकडे जुळतात का ते पाहता येतं. पुठ्ठा ओला असेल तर वजन जास्त भरतं, म्हणून दुकानदार थोडं वजन कापतात. हेही मुलांना कळू द्या. विचारायचे प्रश्न तीन पुरेत: काका, हे तुमच्याकडून कुठे जातं? सगळ्यांत जास्त भाव कशाला? काय आणलं तर तुम्ही परत पाठवता? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांत उपयोगाचं असतं.

मिळालेल्या पैशांतून काय आणायचं ते मुलांनाच ठरवू द्या, रक्कम कितीही छोटी असो. आणि घंटागाडीवरच्या ताई-दादांना वर्गात बोलवायचं तर पाहुण्यांसारखं खुर्चीवर बसवून चहा द्या. मुलं शब्दांपेक्षा ते लक्षात ठेवतात.

घंटागाडीत सगळं एकत्रच टाकतात, मग घरी वेगळं करून उपयोग काय?

हा प्रश्न मुलंच विचारतात, आणि त्याला गुळमुळीत उत्तर देऊ नये. कचरा घरातच वेगळा करून देणं २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी बंधनकारक केलं. प्रत्यक्षात सगळीकडे तसं होत नाही, हे मुलांना दिसतं. त्यांना सांगा: जे आपल्या हातात आहे ते गाडीपर्यंत जाऊच द्यायचं नाही. सालपटं कुंडीत, रद्दी-पुठ्ठा-बाटल्या-दुधाच्या पिशव्या भंगारात. उरतं ते एवढंसं असतं, एकत्र झालं तरी फारसं बिघडत नाही. घरी आठवडाभर हे करून शेवटच्या दिवशी उरलेली पिशवी मुलांकडूनच मोजून घ्या.

नीट चालवलं तर गावपातळीवरही जमतं. एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत स्वच्छ सर्वेक्षणात २०२० साली कराड आणि २०२१ साली विटा देशात पहिले आले. विटा तर याच जिल्ह्यातलं. तिथल्या नातेवाइकांकडे गेल्यावर गाडीत कप्पे कसे आहेत ते मुलांना पाहून यायला सांगा.

मुलांच्या हातात काय अजिबात द्यायचं नाही?

औषधांच्या पट्ट्या, सुया, ब्लेड, फुटकी काच, ट्यूबलाइट, सेल, डायपर, सॅनिटरी पॅड. ही यादी सगळ्यांना माहीत असते. आपल्या भागात तिच्यात सर्वांत वर हवी ती औषध फवारणीची बाटली. द्राक्ष आणि ऊस पट्ट्यात घराघरांत अशा रिकाम्या बाटल्या आणि पाकिटं असतात, दिसायला सुबक, झाकण घट्ट. धुऊन त्यांत पाणी भरणं किंवा त्यांची कुंडी करणं धोक्याचं आहे. प्लास्टिकमध्ये औषध मुरलेलं असतं. लेबलावर टोकावर उभा केलेला चौकोन आणि त्याच्या खालच्या अर्ध्यात रंगीत त्रिकोण असतो: लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा. रंग कोणताही असो, हे चिन्ह दिसलं की हात लावायचा नाही, मोठ्यांना सांगायचं. हे चिन्ह मुलांकडून वहीत काढून घ्या. लिहिता न येणारं मूलही ते ओळखायला शिकतं.

पुराच्या पाण्यात भिजलेलं काहीही उपक्रमाला घेऊ नका, वाळलं तरी. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कृष्णाकाठी काय काय वाहून आलं ते सांगलीकरांना सांगायला नको.

प्रत्येक उपक्रमानंतर साबणाने हात धुणं आलंच. नखांत लगदा आणि माती अडकते, म्हणून आदल्या दिवशी नखं कापून यायला सांगा.

वर्षभराचं वेळापत्रक कसं लावावं?

जून-जुलै निवडण्याचा खेळ आणि कपाचा प्रयोग, म्हणजे घरात बसून होणारे. ऑगस्ट-सप्टेंबर कुंडीत पुरणं आणि निर्माल्य. दिवाळीनंतर प्लास्टिक, चुंबक, भंगाराचं दुकान. जानेवारीत पानगळ सुरू झाली की बाटलीतलं खत, तोच पाला वापरून. हातकागद फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऊन असताना. महिन्याला एकच उपक्रम घ्या. एका आठवड्यात पाच उरकले तर मुलांच्या लक्षात फक्त धमाल राहते.

मुलाला कळलं हे ओळखायचं कसं?

आधी न दाखवलेली एखादी वस्तू द्या: अत्तराची बाटली, तुटकी चप्पल, टूथपेस्टची नळी. मूल लगेच टोपली दाखवत असेल तर पाठ केलंय. वस्तू उलटसुलट करून, झाकण उघडून, कशाची आहे ते विचारत असेल तर ठीक चाललंय.

उपक्रम संपल्यावर उरलेल्या साहित्याचं काय?

तयार खत चाळून कुंड्यांना, न कुजलेलं पाचट पुढच्या बाटलीत. कापलेली बाटली चिकटपट्टी काढून, धुऊन भंगारात. तरंगवलेले प्लास्टिकचे तुकडे एका पिशवीत भरून भंगारवाल्याला दाखवा. फार बारीक असतील तर तो घेणार नाही, म्हणून पुढच्या वर्षासाठी बरणीतच ठेवणं बरं. चौकटीची जाळी ब्रशने घासून धुवा. लगदा जाळीवर वाळला तर छिद्रं बंद होतात आणि नवी जाळी ठोकावी लागते.